शेजारच्या मेजावरचा माणूस

वाटेत कुणी ठेच लागून पडला तर दहा हात पुढे होतात. ताप आला तर शेजारीण पेज आणून देते. पण ज्याचे मन खचले आहे, त्याच्या वाट्याला काय येते? बहुधा उपदेश. आणि उपदेशाची हौस आम्हा माळकऱ्यांना जरा जास्तच, हे आधी कबूल करतो व मग पुढे लिहितो.

कचेरीत माझ्या शेजारच्या मेजावर एक गृहस्थ बसत. हिशेबाला चोख. एका वर्षी दिवाळीनंतर त्यांचे काहीतरी बिनसले. उशिरा येऊ लागले, बेरजा चुकू लागल्या. दुपारी डबा उघडायचा आणि तसाच झाकून ठेवायचा. कुणी म्हणे घरात भांडण असेल, कुणी म्हणे कामचुकारपणा. मी स्वतःला त्या सर्वांहून शहाणा समजत होतो. त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "अहो, मन खंबीर ठेवा. नाम घ्या. सगळं सुरळीत होतं."

ते म्हणाले, "बुवा, नाम मी रोज घेतो. तरी पहाटे तीनला डोळे उघडतात ते मिटत नाहीत. आता नामातही मी नापास, असंच ना?"

यावर मला बोलता येईना. आधार द्यायला गेलो आणि त्यांच्या पाठीवर आणखी एक धोंडा ठेवून आलो!

वाचकहो, येथे नीट विचार केला पाहिजे. मन आजारी पडणे आणि श्रद्धा कमी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झोप जाते, अन्नावरची वासना उडते, आवडते काम नकोसे होते, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असे वाटू लागते. हे पंधरा दिवस न हटता टिकले तर तो आजार समजून वैद्याला दाखवावे. २०१५-१६ साली देशात जी मानसिक आरोग्य पाहणी झाली, तीत प्रौढांपैकी दर दहांत सुमारे एकाला कसला ना कसला मनाचा आजार असल्याचे दिसले. आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळालेले नव्हते. म्हणजे असा सोबती बहुतेक प्रत्येक कचेरीत आहे. आपल्याला तो दिसत नाही एवढेच.

मग सोबत्याचा धर्म कोणता? गीतेचेच पाहा. पहिल्या अध्यायात अर्जुन आपला विषाद सांगू लागतो, हात कापतात म्हणतो, शेवटी धनुष्य टाकून रथात बसतो. तेवढा वेळ भगवान मध्ये एक शब्द बोलत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला थोडे खडसावतात. त्याचा उपयोग होतो का? नाही. अर्जुन पुन्हा आपलीच व्यथा सांगतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. खरे बोलणे सुरू होते ते त्यानंतर. आणि अठराव्या अध्यायात एवढे सगळे सांगून झाल्यावरही, विचार कर आणि तुला वाटेल तसे कर, अशी मोकळीक आहेच. अर्जुनाचा विषाद म्हणजे आजचा आजार असे मी म्हणत नाही. पण ऐकण्याचा क्रम तर आपण शिकाल? जिथे प्रत्यक्ष भगवंताच्या खडसावण्याने माणूस उठला नाही, तिथे आपल्या दोन वाक्यांची काय कथा!

दुसऱ्या दिवशी मी माझा डबा घेऊन त्यांच्या मेजाशी बसलो. म्हटले, "बोलायचं नसलं तर नका बोलू. मी आपला जेवतो." सात-आठ दिवसांनी ते आपणहून बोलले. पुढे सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर गेलो. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. दहाव्या दिवशी ते गोळ्या टाकून द्यायला निघाले, तेव्हा मी एवढेच म्हणालो, "डॉक्टरांना विचारून टाका." त्या दिवशी तेवढेच माझे काम होते.

आता माझी दुसरी चूक सांगतो. त्यांच्या चुकलेल्या बेरजा मी गुपचूप दुरुस्त करू लागलो होतो. पुण्यकर्म वाटले, पण ती लबाडी होती. एखादी चूक माझ्याही नजरेतून सुटली असती तर कुणा गरिबाच्या पगाराला कात्री लागली असती. शिवाय हे त्यांना कळले तेव्हा ते शरमेने आणखी खचले. दया केली, पण त्यांना न विचारता. मग त्यांच्याच संमतीने आम्ही दोघे साहेबांकडे गेलो. "आजारी आहे, उपचार चालू आहेत, थोडे दिवस हलके काम द्या," एवढेच ते बोलले. याहून जास्त सांगण्याची गरज नव्हती. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे; मनाच्या रुग्णाला उपचाराचा आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याने दिला आहे. कायदा नसता तरी दुसऱ्याचे दुःख चहाच्या टपरीवर नेऊ नये, हे आपल्याला समजायला हवे.

या गुप्ततेला अपवाद एकच. सोबती जीव नकोसा झाल्याचे बोलू लागला, तर स्पष्ट विचारावे, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना व डॉक्टरांना कळवावे. तेव्हा दिलेला शब्द मोडला तरी चालेल. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ वर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. सोबत्यानेही तेथे सल्ला घ्यावा, कारण आपण वैद्य नव्हे आणि एकट्याने हा भार वाहण्याचा हट्टही बरा नव्हे.

ते गृहस्थ हळूहळू सावरले. वाईट दिवस अजून येतात, पण आता ते सांगतात. त्या दिवशी नापास कोण झाले होते, हे मला कळायला मात्र दिवाळी ते होळी एवढा काळ लागला.

आपल्यापैकी कुणाच्या शेजारी असा माणूस बसत असेल, तर उद्या डबा घेऊन त्याच्याकडे सरकावे. बोलणे मागाहून.