परतवारी

ज्येष्ठ सरत आला की पुण्यात आमच्या घरी धांदल उडते. दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला येणार. एका दिंडीच्या चहा-फराळाची सोय आमच्या सोसायटीकडे असते. माउलींची पालखी सासवडच्या वाटेला लागली की मी सुटी टाकून दिवेघाट चढतो आणि सासवडपर्यंत चालतो. चौदा वर्षांचा हा नेम आहे. कार्यालयात लोक मला ‘माउली’ म्हणून हाक मारतात आणि खरे सांगायचे तर ते मला आवडते.

गेल्या दिवाळीत मी थोरल्या भावाला फोनवर म्हणालो, “दादा, आता फुलचूरला परत यावं म्हणतो. कायमचं.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “ये नं. घर का माझ्या एकट्याचं हाय? पन दिवाळीले येऊन ठरवू नको. रोवणीले ये.”

त्या एका वाक्याने मला गेले सहा महिने झोप नीट लागू दिलेली नाही.

वाचकांपैकी जे देशावरचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. आमचा मुलूख धानाचा. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढात चिखलणी करून बांधीत रोवणी करायची. आषाढी एकादशी येते ती नेमकी याच दिवसांत. कार्तिकीला धान कापणीला आलेले असते किंवा कापून पडलेले असते आणि आभाळाकडे पाहत माणूस घाई करत असतो. म्हणजे पंढरीच्या दोन्ही मोठ्या वाऱ्यांना आमच्याकडचा शेतकरी गुडघाभर चिखलात नाही तर विळा हातात घेऊन उभा. दादा माळकरी आहे, एकादशी कधी चुकवत नाही, हरिपाठ रोजचा. तरी आषाढीला तो एकदाही पंढरपूरला गेलेला नाही. माघीला एकदा जाऊन आला, तेवढेच. आणि मी, ज्याच्या अंगाला चिखल लागून पंचवीस वर्षे उलटली, मी वारकरी म्हणून मिरवतो.

सावता महाराजांची गोष्ट आपण सगळे कीर्तनात ऐकतो. अरणचा मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. आजही त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही, पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली आणि किती वेळा मान डोलावली. ती आपल्याच घरात, आपल्याच बांधीत चालू आहे हे मला दादाच्या त्या वाक्यानंतर उमगले.

आता प्रश्न असा की मला परत का जायचे आहे. स्वतःशी खोटे बोलायचे नसेल तर उत्तर सोपे नाही. घराचे हप्ते फिटले. मुलगी नोकरीला लागली. कंपनीत माझ्या वयाच्या माणसांकडे आता वेगळ्या नजरेने पाहतात. सकाळी साडेसातला घर सोडून रात्री साडेआठला परत येणाऱ्याला गावचा पार आठवू लागतो. याला मी मनात विरक्ती असे भारदस्त नाव देऊन ठेवले होते. तो नुसता थकवा आहे. थकलेल्याने घरी जाऊ नये असे कोण म्हणेल? पण थकव्याला सेवेची वस्त्रे नेसवू नयेत.

कारण मी सगळ्यांना कारण सांगत होतो ते आईचे. आई ऐंशीच्या पुढे गेली आहे. आपल्या संप्रदायाची वीटच मुळी आईबापांच्या सेवेवर उभी आहे. पुंडलिक काशीला निघाला, वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो मागे फिरला. शहरात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला ही कथा टोचते. मलाही टोचली आणि मी स्वतःला पुंडलिकाच्या जागी उभे करून पाहिले. उभे राहिल्यावर दिसले की आमच्या घरात ती जागा रिकामी नाही. वीस वर्षे आईचे सगळे वहिनी करते. शिवरात्रीला गेलो तेव्हा वहिनी सहज म्हणाली, “भाऊजी, आईसाठी रात्री दोन-तीनदा उठावं लागते. उठाल का?” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखर विचारत होती. मी ‘हो’ म्हणालो, पण जरा थांबून म्हणालो, आणि ते तिच्या लक्षात आले.

दुसरी गोष्ट कोणीच बोलून दाखवत नाही. मी १९९८ साली गाव सोडले तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता. पुढच्या वर्षी १ मे रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. शहर वाढत वाढत फुलचूरला येऊन चिकटले आणि बांध्यांचे प्लॉट झाले. आमच्या धुऱ्यापलीकडे आज घरे आहेत. जी जमीन वडिलांच्या काळी फक्त धान पिकवायची, तिला आता भाव आला आहे. सातबाऱ्यावर माझे नाव आहे. दलालाचे फोन मलाही येतात. फोनवर दादा गप्प झाला तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, हे कळायला ज्ञानी असण्याची गरज नाही. शहरातून परत येणारा भाऊ आईकडे येतो आहे की हिश्शाकडे?

तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे आपण अभिमानाने सांगतो. परंपरेने जे सांगितले आहे त्यातला बारकावा मात्र सुटतो. कान्होबांनी आपला वाटा मागितला, तेव्हा तुकोबांनी भावाची अर्धी खते त्याला दिली आणि बुडवली ती आपल्या वाट्याची. त्यागही त्यांनी आपल्याच खात्यातून केला. मी तुकोबा नाही. पण दादाने राबून राखलेल्या बांध्या मी येताच मोजायला लागलो, तर माझे परतणे हे येणे नसून वसुली होईल, एवढे मला समजते.

पंढरी आपले माहेर. माहेरी चार दिवस जायचे, डोळे भरून पाहायचे आणि आपल्या संसारात परत यायचे. म्हणून तर पालख्या गोपाळकाल्यानंतर परत फिरतात. जाताना लाखोंची गर्दी असते, परतवारीत मोजकी माणसे उरतात, आणि त्यांचे फोटो कोणी काढत नाही. फुलचूर माझे असेच माहेर होऊन बसले होते. दिवाळीला जायचे, वहिनीच्या हातचे खायचे, तळ्याकाठी फिरायचे, डोळे ओले करून गाडीत बसायचे. माहेरी कायमचे राहायला जाणाऱ्याने तिथल्या कामाचा वाटा आधी उचलायला हवा, ही गोष्ट दादाने चार शब्दांत सांगितली.

यंदा दिवेघाट नाही. दिंडीच्या चहाची जबाबदारी शेजाऱ्यांवर सोपवली. महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला जाणार आहे, तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे. दिवसा बांधीत, रात्री आईच्या खोलीत. जमिनीचे काय करायचे ते दादाला आधी विचारेन, दलालाला नाही. परतीचे तिकीटही काढले आहे. ते पाहून सौभाग्यवती हसली. मी काही बोललो नाही. पाठ किती टिकते ते बांधीत उतरल्यावरच कळेल.