अमानत कोणाची?

मूल ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण म्हणतो. अमानत म्हणजे मालकी नव्हे. मग असाध्य आजारी लेकराचे श्वसनयंत्र काढायचे की नाही, हे आईबापांनी ठरवायचे की सरकारने?

ब्रिटनमध्ये असा वाद न्यायालयात जातो आणि 'मुलाचे हित' हीच कसोटी लावली जाते. २०१७ मध्ये चार्ली गार्ड या तान्ह्या बाळाला उपचारासाठी अमेरिकेला नेण्याची परवानगी त्याच्या आईवडिलांना मिळाली नाही. गुण येण्याची आशा नाही, त्रास मात्र लांबेल, असे न्यायालयाला वाटले. २०१९ मध्ये पाच वर्षांच्या तफिदा रकीबला मात्र इटलीला नेऊ दिले. तिला वेदना जाणवत नाहीत असे दिसत होते. शिवाय न्यायाधीशांनी तिच्यावरील इस्लामी संस्कारही विचारात घेतले.

आम्हाला यातून एवढेच उमजते: केवळ आशा उरली नाही म्हणून सरकारने आईबापांचा हात धरू नये. पण लेकराला यातना होत असतील, तर आपली माया किंवा श्रद्धा पुढे करून त्या लांबवण्याचा हक्क आपल्यालाही नाही. अमानतीचा जाब शेवटी आपल्यालाच द्यायचा आहे.