वाचलं गेल्याचा पुरावा

लेखकाला स्वतःच्या लिहिण्याविषयी शंका येऊ लागली की त्याला कौतुक हवं असतं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. कौतुक घरातही मिळतं, आणि म्हणूनच त्यावर त्याचा भरवसा नसतो. बायको, भाऊ, कॉलेजातले सहकारी चांगलंच म्हणणार. त्याला हवा असतो तो आपण वाचले गेलो याचा पुरावा, आणि तोही ज्याला आपली भीड नाही अशा माणसाकडून.

नागपुरात बसून लिहिणाऱ्याला हा पुरावा सहज मिळत नसे. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे, त्याचं ‘युगवाणी’ हे नियतकालिक आहे, हे खरं. पण मोठे प्रकाशक, नावाजलेली मासिकं, नाट्यसंस्था सगळ्या पुण्या-मुंबईकडे. हस्तलिखित पोस्टात टाकायचं आणि पोस्टमनची वाट पाहायची, एवढंच इथल्या माणसाच्या हाती. महेश एलकुंचवार १९६५ मध्ये सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहायला गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि नाटककार व्हायचं ठरवून बाहेर पडले, ही कथा नागपूरकर चवीने सांगतात. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ते नाटक विजया मेहतांनी बसवलं होतं. १९६७ मध्ये एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली, ती विजयाबाईंच्या वाचनात आली, आणि पुढे या नवख्या लेखकाची नाटकं त्यांनी रंगमंचावर आणली. इथं त्या आधी वाचक होत्या, दिग्दर्शिका नंतर. मासिक चाळताना अनोळखी नावापाशी थांबायचं आणि शेवटच्या पानापर्यंत जायचं, हे काम त्यांनी केलं नसतं तर पुढचं काही घडायला वावच नव्हता.

सुरेश भटांचं वेगळं. त्यांचा ‘रूपगंधा’ हा कवितासंग्रह १९६१ चा, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ चा. मधली तेरा वर्षं. गझल मराठीला मानवत नाही, असं म्हणणारे जाणते लोक तेव्हा कमी नव्हते. भटांच्या गझलेला बळ मिळालं ते मैफलीतून. मैफलीत काय होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. शायर शेराची पहिली ओळ म्हणतो, मग तीच पुन्हा म्हणतो. मतल्यात, म्हणजे पहिल्याच शेरात, काफिया (यमक) आणि रदीफ (त्यामागून पुन्हा पुन्हा येणारे शब्द) कळलेले असतात, त्यामुळे दुसरी ओळ कुठं जाऊन टेकणार याचा अंदाज समोरचा माणूस मनाशी बांधत असतो. अंदाज बरोबर आला आणि तरीही अर्थाने चकवलं, की ‘क्या बात है’ आपोआप निघतं. अंदाज आला आणि अर्थही तोच निघाला, तर सतरंजीवर नुसती चुळबुळ. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असल्यामुळे निकालही दर दोन ओळींना लागतो. चौथ्या शेराला मिळालेली दाद पाचव्याला वाचवत नाही. माझ्या मते उत्तेजनाचा याहून चोख नमुना आपल्याकडे नाही. कुठं जमलं हे ते सांगतं, आणि कुठं नाही हेही, एक शब्द न बोलता.

ही दाद भटांनी पुढच्यांना परतही केली. ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका ते नवोदितांना पोस्टाने पाठवत. ‘छान लिहिता, लिहीत राहा’ असं कार्ड टाकणं सोपं होतं. त्यांनी वृत्त, काफिया, रदीफ समजावून सांगितले.

आत्मशंकेचा आणखी एक प्रकार आहे, तो लेखकाच्या स्वभावातून येत नाही, त्याच्यावर लादला जातो. ‘हे साहित्य आहे का?’ हा प्रश्न दलित लेखकांना किती वर्षं ऐकावा लागला! नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि त्याच्याच जोडीने लेखक-वाचक मेळावे भरवले. नाव पाहा: वाचकाला बरोबरीची खुर्ची आहे. प्रस्थापित समीक्षेकडे दाखला मागण्याऐवजी ज्यांच्या जगण्याविषयी लिहिलं त्यांच्यासमोरच ते ठेवायचं. खरं लिहिलं की नाही, हे सांगण्याचा पहिला अधिकार त्यांचाच. समोर बसलेल्यांतून उद्याचे लेखक निघणार, हाही हिशेब त्यात होता.

वाचकाच्या प्रेमाचा जाचही असतो, हे मान्य करायला हवं. ‘मुकर्रर’, म्हणजे पुन्हा म्हणा, ही फर्माईश शेरापुरती ठीक. लेखकाकडे आयुष्यभर तीच केली, तर तो स्वतःचीच नक्कल करत बसतो. ‘गार्बो’ आणि ‘वासनाकांड’ लिहिणारे एलकुंचवार १९८५ मध्ये ‘वाडा चिरेबंदी’तल्या धरणगावकर देशपांड्यांच्या ढासळत्या घरात शिरले. जुन्याच धाटणीची मागणी करणाऱ्यांचं ऐकलं असतं तर तो वाडा आपल्याला दिसला नसता. दाद देणाऱ्याने पुढच्या पानाची मुखत्यारी मागू नये.

२०२० च्या टाळेबंदीत ग्रंथालयांना कुलपं लागली, पुस्तकांची दुकानं बंद झाली, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला की आता लिहायचं कुणासाठी. फोनवर अंगठे आणि जोडलेले हात येत होते. ते वाईट नसतात, पण वाचल्याचा पुरावा त्यात नाही; मजकूर न उघडताही ते पाठवता येतात. पोस्टकार्डाच्या नावाने उसासे टाकण्यात मला रस नाही. गडचिरोलीतला वाचक आज त्याच संध्याकाळी लेखकाला चार ओळी पाठवू शकतो, ही सोय पूर्वी नव्हती. त्या चार ओळींत काय असतं, एवढाच प्रश्न.

म्हणून वाचकांकडे मागणं आहे. आवडलेल्या पुस्तकाच्या लेखकाला एकदा लिहा. कोणत्या पानावर थांबलात, कोणतं पात्र पटलं नाही, कुठं दोनदा वाचावं लागलं, ते लिहा. ‘अप्रतिम’ हा शब्द वगळा. नावाजलेल्या लेखकापेक्षा पहिलंच पुस्तक आलेल्याला आधी लिहा. पत्ता शोधत बसावं लागत नाही. प्रकाशकाचा पत्ता, हल्ली ईमेलसुद्धा, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेला असतो.