विश्वास आणि पहारा

जो खेळाडू पोटासाठीं खेळत नाहीं त्यास आपण मराठींत ‘हौशी’ म्हणतों. इंग्रजींतील ‘अमॅच्युअर’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ प्रेम करणें असा आहे. दोन्ही शब्दांत एक गोड कल्पना दडलेली आहे. हौशी खेळाडू मोबदल्याच्या आशेनें मैदानावर येत नाहीं. खेळ आवडतो म्हणून येतो. म्हणूनच कारखान्यास किंवा कचेरीस जे नियम लागतात ते या क्षेत्रांत कशाला हवेत, असें पुष्कळ सज्जनांस मनापासून वाटत आलें आहे. जेथें पगार नाहीं तेथें मालक नाहीं, आणि जेथें मालक नाहीं तेथें जुलूम तो कसला? या समजुतीची किंमत अमेरिकेंत शेंकडों मुलींना वर्षानुवर्षें द्यावी लागली, हें २०१६ नंतर उघडकीस आलें. ती हकीकत वाचल्यावर हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाहीं; तो नीतीचा होतो.

अमेरिकेंत हौशी खेळांविषयींचा कायदा १९७८ सालीं झाला. १९९८ सालच्या सुधारणेच्या वेळीं त्यास सेनेटर टेड स्टीव्हन्स यांचें नांव मिळालें. त्यानें ऑलिंपिक समितीस अधिकार दिले व प्रत्येक खेळासाठीं एकेक राष्ट्रीय नियामक संस्था मान्य करण्याची व्यवस्था लावली. तत्पूर्वीं संघटनांच्या आपसांतील भांडणांत खेळाडूंची फरफट होत असे; ती थांबावी व पात्र खेळाडूस स्पर्धेंत उतरण्याची संधि नाकारली जाऊं नये, असा त्याचा हेतु होता. हेतु चांगलाच होता. परंतु खेळाडूचें शरीर कोणापासून सुरक्षित ठेवावयाचें, हा प्रश्न त्या कायद्यास पडला नव्हता. कारखान्यांतील मजुरास निदान मजूर म्हणून कांहीं संरक्षण असतें. हौशी खेळाडू मजूर नव्हता. ज्या निर्मोहीपणासाठीं आपण त्याचें कौतुक करतों त्याच निर्मोहीपणानें त्यास कायद्याच्या छत्राबाहेर ठेवलें. त्याच्याजवळ होती ती फक्त निवड करणाऱ्यांची मर्जी. चौदा वर्षांच्या मुलीचें सगळें भवितव्य ज्याच्या मर्जीवर अवलंबून आहे तो तिला पगार देत नसला तरी तिचा मालकच होय. किंबहुना मालकाहून अधिक, कारण नोकरी सोडून दुसरी धरतां येते, लहानपणापासून उराशीं बाळगलेलें स्वप्न तसें बदलतां येत नाहीं.

लॅरी नासार हा मिशिगन स्टेट विद्यापीठांतील डॉक्टर पुष्कळ वर्षें अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचाहि डॉक्टर होता. उपचाराच्या नांवाखालीं त्यानें मुलींवर लैंगिक अत्याचार केले. टेक्ससमधील ज्या एकाकी वाडीवर राष्ट्रीय संघाचीं शिबिरें भरत तेथें आईबापांस राहण्याची मुभा नसे. ऑगस्ट २०१६ मध्यें ‘इंडियानापोलिस स्टार’ या वृत्तपत्रानें प्रसिद्ध केलें कीं, जिम्नॅस्टिक्सच्या नियामक संस्थेपाशीं पन्नासांहून अधिक प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारी फायलींत पडून होत्या. आणि ज्या तक्रारीवर स्वतः पीडितेची किंवा तिच्या पालकांची सही नसे ती ऐकीव गोष्ट समजून बाजूस ठेवण्याचा तेथें प्रघात होता. तो मजकूर वाचून रेचल डेनहॉलंडर या बाईंनीं वृत्तपत्रास लिहिलें, आणि पुढच्याच महिन्यांत स्वतःच्या नांवानिशीं नासारविरुद्ध जाहीर आरोप केला. जानेवारी २०१८ मध्यें मिशिगन संस्थानांतील लॅन्सिंग येथें न्यायाधीश रोझमेरी अक्विलिना यांच्यापुढें सात दिवस निवेदनें चाललीं. दीडशेंहून अधिक स्त्रियांचीं व मुलींचीं निवेदनें ऐकल्यावर न्यायालयानें नासारला ४० ते १७५ वर्षांची कैद सांगितली.

हें वाचून, एक नराधम निघाला व त्यास शिक्षाहि झाली, असें म्हणून मन मोकळें करून घेण्याचा मोह होतो. पण एकटा मनुष्य एवढीं वर्षें एवढ्या मुलींना फसवूं शकत नाहीं. त्याच्याभोंवतीं अर्धवट ऐकणारे, ऐकलेलें विसरणारे आणि सही नाहीं म्हणून कागद बाजूस सारणारे लोक असावे लागतात. त्यांतील बहुतेक दुष्ट नव्हते. आपल्या संस्थेचा लौकिक राखावा, पदकें मिळवावींत, उगाच कोणा प्रतिष्ठिताच्या नांवास बट्टा लावूं नये, एवढेंच त्यांना वाटत होतें. आणि हेंच मला त्या दुष्टाहून अधिक भयंकर वाटतें.

येथें एकलव्य आठवल्यावांचून राहत नाहीं. महाभारतांतील हा मुलगा खरा हौशी. गुरूनें नाकारल्यावर मातीची मूर्ति समोर ठेवून तो धनुर्विद्या शिकला. अर्जुनाहून सरस असा शिष्य आपणांस नसेल, हें वचन राखण्याकरितां द्रोणांनीं त्याचा अंगठा मागितला, आणि त्यानें तो प्रसन्न मुद्रेनें कापून दिला. पिढ्यान् पिढ्या आपण शिष्याच्या भक्तीचे गोडवे गाइले; गुरूला जाब विचारण्याचें काम पुष्कळ उशिरां, आणि मुख्यतः दलित लेखकांनीं केलें. एकलव्याची संमति होती, हें खरें. पण ज्याच्या मनावर ‘गुरूस नाहीं म्हणणें म्हणजे विद्येसच नाहीं म्हणणें’ असें बिंबलें आहे त्याच्या संमतीस नीतिशास्त्रांत कितीसें मोल द्यावयाचें? जेथें नकार सुचूंच शकत नाहीं तेथें होकारास अर्थ उरत नाहीं. लॅन्सिंगच्या न्यायालयांत कित्येकींनीं सांगितलें कीं, डॉक्टरांची कीर्ति एवढी मोठी कीं चूक आपल्याच मनाची असावी असें आम्हांस वाटलें. एकलव्याच्या अंगठ्यापेक्षां ही हानि मोठी आहे. अंगठा गेला तरी एकलव्याचे डोळे त्याचेच होते; या मुलींचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला.

शिक्षेनंतर तीन आठवड्यांनीं, १४ फेब्रुवारी २०१८ रोजीं, अमेरिकेंत नवा कायदा अमलांत आला. नियामक संस्थांच्या अधिकाराखालीं मुलांशीं संबंध येणाऱ्या कोणाहि प्रौढास अत्याचाराचा संशय आल्यास त्यानें चोवीस तासांच्या आंत सरकारी यंत्रणेस कळविलें पाहिजे. न कळविणें हा गुन्हा. प्रौढ व अल्पवयीन खेळाडू यांची गांठ दुसऱ्यांच्या दृष्टीच्या टप्प्यांत आणि कोणासहि मध्यें येतां येईल अशा ठिकाणींच पडावी. अडचणीचा प्रसंग याला अपवाद. झालेल्या गोष्टीस नांव द्यावयासच कित्येक वर्षें जातात हें ओळखून दिवाणी दाव्याची मुदतहि वाढविली. आणि तक्रारींचा तपास खेळाच्या संस्थांकडे न ठेवतां २०१७ सालीं डेन्व्हर येथें सुरू झालेल्या ‘सेफस्पोर्ट’ या स्वतंत्र केंद्राकडे सोंपविला.

या व्यवस्थेवर पहिला आक्षेप असा कीं, ती गुरुशिष्यांमधील विश्वासाचा घात करते. प्रत्येक गुरूकडे चोर म्हणून पाहिलें तर विद्या देईल कोण? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. हरून रडत बसलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवण्यापूर्वीं आतां चांगला शिक्षकहि क्षणभर थबकेल, आणि त्या थबकण्यांत कांहींतरी मोलाचें हरवेल. तरीहि विश्वास आणि पहारा यांत वैर आहे असें मला वाटत नाहीं. इमानी सराफ आपला कांटा गिऱ्हाइकासमोर मांडतो. त्यांत त्यास अपमान वाटत नाहीं. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथांत ग्लॉकन गायजीसच्या अंगठीची गोष्ट सांगतो. ती अंगठी फिरविली कीं घालणारा अदृश्य होई. मग सज्जन आणि दुर्जन यांत फरक काय उरेल, असा त्याचा प्रश्न. सॉक्रेटिसानें त्या प्रश्नास उत्तर देण्यासाठीं उरलेला सगळा ग्रंथ खर्ची घातला. कायद्यापाशीं तेवढी सवड नसते. माणसाचा आत्मा शुद्ध करणें त्याच्या आवांक्यांतील नाहीं. त्यास अंगठी काढून घेतां येते, एवढेंच. दार उघडें ठेवा, या नियमाचा अर्थ याहून अधिक नाहीं. जो विश्वास दार बंद असल्याशिवाय जगूं शकत नाहीं त्यास विश्वास हें नांव आपण उगाच देत आलों.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दुसऱ्याच्या दुःखाविषयीं बोलणें हें नैतिक कर्तव्य खरें. पण तें दंडाच्या भयानें करवून घेतलें तर त्यांत नीति कोठें राहिली? मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत म्हटलें आहे कीं, मनुष्य आपल्या कृतीनें जसा दुसऱ्याचें अनहित करतो तसा अकृतीनेंहि करतो. मात्र अकृतीबद्दल सक्ति करतांना अधिक सावध असावें. मीहि पुष्कळ वर्षें वर्गांत हें शिकवीत आलों, आणि ‘अधिक सावध’ या शब्दांवर भर देत आलों. तो भर मीं कां देत होतों, हें सांगितलें पाहिजे.

पंचवीसेक वर्षांपूर्वीं मी एका महाविद्यालयाच्या क्रीडामंडळावर होतों. धांवण्यांत तरबेज अशी एक विद्यार्थिनी एकाएकीं मैदानावर येईनाशी झाली. जिन्यांत गांठ पडली तेव्हां मीं कारण विचारलें. ‘सर, अभ्यास फार आहे,’ असें ती म्हणाली. म्हणतांना तिनें माझ्याकडे पाहिलें नाहीं. आणि समोरून तिचे प्रशिक्षक येतांना दिसतांच ती आलेल्या वाटेनें परत वर गेली. हें मीं पाहिलें, आणि दुसरा प्रश्न विचारला नाहीं. त्या वर्षीं आंतरमहाविद्यालयीन ढाल आमच्याकडे आली. सत्कारसभेंत मींच भाषण केलें. घडलें तें काय, हें मला आजहि ठाऊक नाहीं. कदाचित् कांहींच घडलें नसेल, आणि त्या गृहस्थांवर मी मनांतल्या मनांत अन्याय करीत असेन. पण मला ठाऊक नाहीं याचें कारण मीं ठाऊक करून घेतलें नाहीं, हें आहे.

म्हणून या कलमाकडे मी आतां निराळ्या दृष्टीनें पाहतों. तें शूरांसाठीं केलेलेंच नाहीं. शूर मनुष्य कायद्याची वाट पाहत नाहीं. तें माझ्यासारख्या भिडस्तांसाठीं आहे. सहकाऱ्याविरुद्ध बोलणाऱ्यावर मत्सराचा, चहाडीचा, संस्थाद्रोहाचा आळ येतो. कायद्यानें कळविणें भाग पाडलें कीं त्यास म्हणतां येतें, ‘मला दुसरा मार्ग नव्हता.’ आणि कळविणें म्हणजे दोषी ठरविणें नव्हे. तपास दुसऱ्यानें करावयाचा असतो. निर्दोष मनुष्याचेंहि त्यांतच रक्षण आहे, कारण तपासानें तो सुटतो. कुजबुजीनें कधींच सुटत नाहीं. दंडाच्या भयानें केलेल्या कृत्यास नैतिक म्हणावें कीं नाहीं याचा खल आम्ही प्राध्यापकांनीं खुशाल करावा. त्या मुलीस त्याच्याशीं कर्तव्य नाहीं.

तथापि कायद्यानें तोंडें उघडलीं तरी कान उघडतातच असें नाहीं. जुलै २०१५ मध्येंच इंडियानापोलिस येथील ‘एफ. बी. आय.’च्या कचेरीस नासारविषयीं माहिती मिळाली होती. त्या कचेरीनें ती तातडीनें व गांभीर्यानें हाताळली नाहीं, असा ठपका न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनीं जुलै २०२१ च्या अहवालांत ठेवला. दिवाणी न्यायालयांतील कागदपत्रांच्या आधारें त्यांनीं नमूद केलें कीं, मधल्या काळांत सुमारें सत्तर किंवा अधिक खेळाडू त्याच्या अत्याचारास बळी पडल्या. सप्टेंबर २०२१ मध्यें सिमोन बाइल्स, मकेला मरोनी, मॅगी निकोल्स व अ‍ॅली रेझमन यांनीं सेनेटच्या समितीपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें. त्या बोलल्या नव्हत्या असें नाहीं. त्यांचें ऐकलें गेलें नव्हतें. ऑक्टोबर २०२० मध्यें झालेल्या दुसऱ्या कायद्यानें ऑलिंपिक समितीच्या संचालक मंडळांत निदान एकतृतीयांश जागा खेळाडूंना दिल्या, आणि तें मंडळच बरखास्त करण्याचा अधिकार काँग्रेसनें आपल्याकडे घेतला. त्याच कायद्यानें समितीनें ‘सेफस्पोर्ट’ केंद्रास दरसाल दोन कोटि डॉलर द्यावेत असें ठरविलें. येथें पुन्हां जुनाच पेंच पडतो: ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा त्याच्याच पैशानें पहारेकरी पोसावयाचा! अमेरिकेच्या काँग्रेसनें नेमलेल्या आयोगानेंहि २०२४ च्या अहवालांत या केंद्रास सार्वजनिक निधि द्यावा अशी शिफारस केली.

आपल्याकडे कायदे नाहींत असें नाहीं. मुलांच्या संरक्षणाच्या २०१२ सालच्या कायद्यानें अत्याचाराची वार्ता न कळविणें दंडनीय केलें. स्त्रियांच्या छळाविरुद्धच्या २०१३ सालच्या कायद्यानें क्रीडासंस्था व मैदानें यांनाहि कामाची जागा मानलें. हौशी खेळाडूस मजुराचें संरक्षण देणारी ही व्याख्या, अमेरिकेनें जें पुष्कळ उशिरां ओळखलें तें ओळखणारी आहे. तरीहि २०२३ सालीं नामांकित महिला कुस्तीगीरांना दिल्लींत जंतरमंतरावर बसावें लागलें, आणि सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतल्यावरच पोलिसांनीं फिर्याद नोंदविली. त्या प्रकरणीं दोषी कोण हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. पण जगांतून पदकें आणणाऱ्या स्त्रियांना आपलें म्हणणें नुसतें लिहून घेतलें जावें म्हणून पदपथावर झोपावें लागतें, तर तालुक्याच्या मैदानावर धांवणाऱ्या अनामिक मुलीनें कोठें जावें? २०२५ सालच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यांत स्त्रिया व अल्पवयीन खेळाडू यांच्यासाठीं सुरक्षित क्रीडाधोरणाची तरतूद आली आहे. तिचें मोल दिल्लींत ठरणार नाहीं.

तें एखाद्या महाविद्यालयाच्या जिन्यांत ठरेल. तेथें कोणी मुलगी खालीं पाहून ‘अभ्यास फार आहे’ असें म्हणेल, आणि समोर उभा असलेला वयस्क मनुष्य घड्याळाकडे न पाहतां तिला दुसरा प्रश्न विचारील किंवा विचारणार नाहीं.