शिखराच्या अलीकडे

साहस म्हणजे पुढे जाणे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. थांबण्यातही साहस असू शकते काय, हा प्रश्न आम्हांला प्रथम सिक्कीममध्ये पडला. आणि तोही आमच्या हातून एक लहानसा प्रमाद घडल्यावर.

चाकरीच्या निमित्ताने त्या बाजूस असताना आम्ही चौघे स्नेही युक्सम गावाहून गोचा-ला खिंडीच्या वाटेस लागलो. १६४२ साली सिक्कीमच्या पहिल्या राजाचा अभिषेक झाला, तेच हे युक्सम. प्रथम दाट अरण्य, मग गुरांसाची लाल फुलांची झाडी, आणि त्यानंतर झोंगरीचा उघडा माळ. आमचे तंबू व शिधा झो जनावरांच्या पाठीवर होता. परवाना खिशात होता आणि त्याचा थोडा ताठाही मनात होता. समिती सरोवराशी पोहोचताच आम्ही बूट काढून शिणलेले पाय पाण्यात सोडले. आमचा तरुण वाटाड्या नम्रपणे म्हणाला, “साहेब, हे पाणी आम्ही पवित्र मानतो.” आम्ही हसून विचारले, “पाय बुडवल्याने पाण्याचे काय बिघडते?” तो म्हणाला, “पाण्याचे कदाचित काही बिघडत नसेल. पण आपण उद्या उतराल. आम्हांला येथेच राहायचे आहे.”

आम्ही पाय बाहेर घेतले, पण उत्तर सुचले नाही. ते शोधताना कांचनजंगाच्या पहिल्या आरोहणाची हकीकत आठवली. ८,५८६ मीटर उंचीचे हे जगातील तिसरे उंच शिखर. सिक्कीमचे लोक त्याला आपल्या भूमीचा रक्षक देव मानतात आणि पांग ल्हाबसोल या उत्सवात त्याची पूजा करतात. १९५५ साली चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश तुकडी नेपाळच्या बाजूने चढली. शिखरमाथ्यास पाय लावणार नाही, असे वचन सिक्कीमच्या राजास दिलेले होते. २५ मे रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्यापासून अवघ्या काही फुटांवर पोहोचले आणि तेथेच थांबले. दुसऱ्या दिवशी आलेल्या जोडीनेही तेच केले. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सेनेची तुकडी सिक्कीमच्या बाजूने चढली, तेव्हा तिनेही माथा अस्पर्शित ठेवला.

कोणी म्हणेल, हा निव्वळ उपचार झाला. देवाच्या खांद्यावर चढायचे आणि मस्तकाला मात्र पाय लावायचा नाही, यात कसली भक्ती? आक्षेप पोकळ नाही. खुद्द सिक्कीमच्या लोकांनाही एवढ्याने समाधान वाटले नसावे. २००१ मध्ये तेथील शासनाने कांचनजंगासह पवित्र शिखरांवर चढण्यास बंदीच केली. शिवाय प्रत्येकाच्या श्रद्धेपुढे थांबावयाचे ठरवले, तर मनुष्याची जिज्ञासा कुंठित होईल, हेही खरे.

तरीही आम्हांला वाटते की, त्या काही फुटांची किंमत फुटपट्टीने मोजता येणार नाही. तेथे पहारा नव्हता, पंच नव्हता. होता तो केवळ दिलेला शब्द. आपल्या अंगच्या बळाची परीक्षा पाहणे हे साहस. ती परीक्षा दुसऱ्याच्या श्रद्धेस तुडवून पुरी करणे ही जेत्याची वृत्ती. वाटेवरच्या थंडीवाऱ्याशी झुंजून झाल्यावर शेवटची चार पावले न टाकल्याने त्या वीरांचे शौर्य उणे झाले काय? पंढरीस दर्शनाची रांग लांबली म्हणजे कित्येक वारकरी कळसास हात जोडून परततात. त्यांची वारी अपुरी राहिली, असे कोणी म्हणत नाही.

आज डोंगरांत हिंडावयास जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि ते योग्यही आहे. त्यांच्या येण्यावर युक्समच्या कित्येक घरांच्या चुली चालतात. पण परवाना पुष्कळ गोष्टींची मुभा देतो. त्यांपैकी कोणत्या करू नयेत, हे त्यावर लिहिलेले नसते. ती रेघ पाहुण्याने स्वतःच ओढावयाची असते.

आणि पाहुणे केवळ डोंगरातच असतात असे थोडेच आहे? बदलीच्या हुकमासरशी आज या प्रांतात, उद्या त्या प्रांतात बिऱ्हाड मांडणारे आपणही पाहुणेच. आपल्या हाती शिक्का असतो, कायदा बहुधा आपल्या बाजूस असतो, आणि चार वर्षांनी आपण निघून जाणार असतो. मागे राहणाऱ्यांच्या पाण्यात आपण पाय बुडवतो आहोत काय, एवढे विचारण्याची सवय आम्हांला त्या तरुण वाटाड्याने लावली. दुसऱ्या पहाटे खिंडीवरून कांचनजंगा उजळताना दिसले. तेवढे दर्शन घेऊन आम्ही परतलो.