शिवारातली पायवाट

गावाला वळसा घालून पुन्हा वेशीशी आणून सोडणारी पायवाट चालण्यानेच टिकते. गावनकाशावर ती पुष्कळदा तुटक रेषेने दाखवलेली असते. पण पाऊल थांबलं की एकाच पावसाळ्यात तिथे टाकळा आणि गाजरगवत माजतं, नि पुढच्या नांगरटीत बांध हातभर सरकतो. वाट अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र सहा महिन्यांच्या आत. म्हणजे अडथळा वेळेत दिसायला रोज चालणारं कुणीतरी हवं. शेतकरी म्हणतो, पीक तुडवलं जातं. त्याचं दुखणं खरं आहे. पण माणसं एकामागोमाग बांधावरूनच गेली, तर वाटेला फूटभर जागा पुरते; आणि डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन संध्याकाळी त्यालाही शेजाऱ्याच्याच बांधावरून घरी यायचं असतं.