फळ्यावर नावं लिहिणारे पुढारी

आसनगाव स्टेशनच्या आजूबाजूला टॉवर उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग मुलांचं भविष्य सांगणारेही आले. यांच्याकडे पोपट नसतो, लॅपटॉप असतो. पोराच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि चार दिवसांनी पालकांच्या हातात रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल ठेवायचा: तर्क इतके टक्के, संगीत इतके, नेतृत्व इतके. याला म्हणे डीएमआयटी म्हणतात. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितलं आहे. तरी भरणारे पैसे भरतात. या धंद्यातल्या एका गृहस्थांनी मध्यंतरी इथल्या पालकसभेत ठासून सांगितलं की नेतृत्व जन्मजात असतं आणि पाचवीपर्यंत ते हेरलं नाही तर वाया जातं. टाळ्या पडल्या. त्या गृहस्थांना खोडून काढायला फार अक्कल लागत नाही. माझं खरं भांडण शाळेशी आहे, कारण ठसे न घेता तीही तेच करत आली आहे.

बाई वर्गाबाहेर जाताना ज्याच्या हातात खडू देतात तो आपला पहिला पुढारी. त्याचं काम काय, तर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. पुढे तोच शालेय मंत्रिमंडळात येतो. मोबाइलवर मतदान, शपथविधी, फोटो ग्रुपवर. खात्यांत पाणीपुरवठाही असतो. तानसा आणि भातसा ही धरणं आसनगावच्याच शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. सातवीतल्या पाणीपुरवठा मंत्र्याने यावर तहसीलदारांना चार ओळींचं पत्र लिहिलं, तर शाळेतला पहिला प्रश्न ठरलेला आहे: ‘तुला कोणी शिकवलं हे?’ बारा वर्षांच्या पोराला मंत्री करणाऱ्या याच राज्यात कॉलेजच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या आणि 2016 च्या विद्यापीठ कायद्यात तरतूद होऊनही पुन्हा झाल्या नाहीत. म्हणजे मंत्रिपद चालतं, मत चालत नाही.

आता भाऊराव पाटलांकडे येतो. शिक्षणाचा विषय निघाला की मी त्यांच्याकडे येतोच, माझे मित्र त्याला व्यसन म्हणतात. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधला हा विद्यार्थी. अभ्यासात यथातथा, मॅट्रिक काही झाला नाही. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आला, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हटलं तर नाही म्हणाला, आणि बोर्डिंगबाहेर काढला गेला. आजच्या भाषेत त्याचा अहवाल लिहून पाहा. गुण कमी, शिस्तीचा अभाव, अधिकाऱ्यांशी उद्धट वर्तन. नेतृत्व किती टक्के द्याल? त्या नकारात पुढची सगळी रयत शिक्षण संस्था होती, पण नोंदवहीत तो नकार बेशिस्तीच्या रकान्यात गेला. 1919 साली काले गावात संस्था सुरू झाली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. लाकूडफाटा, स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम, सगळं मुलांच्या अंगावर. तिथे कुणाची निवड झाली नव्हती. उद्याची भाकरी आज कुणीतरी ठरवायची होती, आणि ती ठरवता ठरवता कोण पुढे होतो ते आपोआप दिसत होतं. भाऊरावांनी मुलांना नेतृत्वावर व्याख्यानं दिली असती तर मुलं उपाशी राहिली असती. घरात धान्य नव्हतं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. त्या घरात पुढारीपण हा शब्द कुणाला सुचलाही नसेल.

तेव्हा माझं म्हणणं सोपं होतं: हेरणं बंद करा, काम द्या. पण इथपर्यंत लिहिल्यावर ते मलाच टिकेना. आसनगावात, किन्हवलीत, डोळखांबला काम कुणाला मिळतं? नुसतं ‘काम द्या’ म्हटलं की ते काम सरपंचाच्या पुतण्याकडे जातं, कारण तो धीट असतो, आणि धीट असतो कारण घरी त्याचं ऐकलं जातं. ज्ञान प्रबोधिनीची मी वर्षानुवर्षं टिंगल केली आहे. 1962 साली अप्पा पेंडसे यांनी पुण्यात ती काढली. बुद्धिमान मुलं चाचण्यांनी निवडायची आणि त्यांच्यातून समाजाचे नेते घडवायचे, हा विचार मला उद्दाम वाटत आला. तरी एवढं मान्य करायला हवं की अप्पांनी हेरण्याची जबाबदारी उघडपणे घेतली. बाकीच्या शाळाही हेरतातच. आडनाव, कपडे आणि भाषा पाहून, आणि कबूल मात्र करत नाहीत. अप्पांवरचा माझा आक्षेप त्यामुळे संपत नाही, फक्त त्याची जागा बदलते. चाचणीच्या टेबलापर्यंत कोण पोचतं?

कोण पोचत नाही ते शहापूर-मुरबाडमध्ये भातकापणीनंतर दिसतं. ती उरकली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांची वाट धरतात, पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला. पोरं सोबत. अशाच एका भट्टीवरची अकरा-बारा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आहे. धाकटा भाऊ कडेवर, आणि मोकळ्या हाताने ती सुकत आलेल्या कच्च्या विटा एकेक पालटत जाते. पालटता पालटता मोजते. मजुरी हजार विटांमागे. संध्याकाळी मुकादमाचा आकडा आणि तिचा आकडा जुळला नाही तेव्हा बाप खाली बघत होता, बोलली ती. मुकादमाने आकडा बदलला, शिवी देऊन का होईना. त्याच वेळी गावच्या शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडत होतं. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच्या झोपड्यांत, भोंग्यांत, शाळा भरवल्या त्या याच मुलांसाठी. मुलाला शाळेत आणून हेरण्याऐवजी शिक्षक मुलाकडे गेला, हा त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग.

मुली बोलल्या की काय होतं हे शहापूरने 2025 च्या जुलैत पाहिलं. एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची तपासणी केल्याचा आरोप झाला. मुलींनी घरी सांगितलं, पालक शाळेवर धडकले, मुख्याध्यापिकेला अटक झाली. पुढे चर्चा झाली ती सॅनिटरी नॅपकिन आणि समुपदेशनाची. जिने घरी जाऊन पहिल्यांदा तोंड उघडलं असेल तिच्या धैर्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुठल्याच शाळेत त्याला गुण नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी घ्यावेत, त्यातली एक तरी मुलगी असावी, अशी तरतूद महाराष्ट्रात आहे. बहुतेक ठिकाणी त्या दोघांना सभेची तारीखही कळत नाही. मी तिथून सुरुवात करीन. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम, सहावी ते आठवीला दीडशे. कोठीची किल्ली आणि वजनकाटा महिनाभर त्या दोघांकडे द्यावा, पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोघांकडे, आणि ही पाळी हजेरीपटाच्या शेवटच्या नावापासून सुरू करावी. पोती किती आली, पातेल्यात किती पडलं, शिल्लक किती, हे त्यांनी सभेत वाचून दाखवायचं. आकडा जुळला नाही तर सभेत कुणाच्या माना खाली जातात ते मुलांना बघू द्यावं.